लोकेशन टाक की

२०२४ च्या उन्हाळ्यात स्पेनमधल्या मायोर्का बेटावरच्या सान्तान्यी या नगरपालिकेने एक चमत्कारिक विनंती केली. आमच्या कालो देस मोरो या किनाऱ्याचे फोटो इंटरनेटवर टाकू नका, आणि टाकले असतील तर काढून टाका. स्वतःच्या वेबसाइटवरचे फोटो पालिकेने काढले होते. ज्या बेटाचं पोट पर्यटनावर चालतं, तिथली पालिका लोकांना सांगत होती की आमच्याकडची इतकी सुंदर जागा कुणाला दाखवू नका.

कालो देस मोरो म्हणजे दोन कड्यांच्या मधली एक चिंचोळी खाच. काही पावलांत संपेल एवढी वाळू, आणि पाणी इतकं निळं की फोटोवर फिल्टर लावलाय असं वाटावं. हॉटेल नाही, टपरी नाही, शॉवर नाही. दगडांवरून जपून खाली उतरावं लागतं. कधीकाळी इथे आसपासच्या गावांतली कुटुंबं येत. मग फोटो फिरले. पालिकेने सांगितलेला आकडा होता गर्दीच्या दिवसांत ४,००० माणसं आणि १,२०० गाड्या. १६ जूनच्या रविवारी तीनेकशे स्थानिक लोक सकाळीच टॉवेल घेऊन तिथे जाऊन बसले. बाहेरून येणाऱ्यांना आज जागा नाही, आज आम्ही आलो आहोत, असं ते सांगत होते. आपल्याच किनाऱ्यावर अंघोळीला जाणं हे आंदोलन ठरलं.

या बातमीकडे पर्यटन-व्यवस्थापनाचा प्रश्न म्हणून पाहता येतं, आणि बहुतेक जण तसंच पाहतात. मला त्यात एक साधा, घरगुती प्रश्न दिसतो. चांगलं काही मिळालं तर वाटून खावं, असं लहानपणापासून आपल्याला शिकवलेलं असतं. मग चांगली जागा सापडली तर ती सांगावी की नाही? आणि नाही सांगितली, तर तो विवेक की चिकटपणा?

मी बर्लिनमध्ये सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. माझं काम रँकिंगचं, म्हणजे यादीत कुठली वस्तू वर दाखवायची हे ठरवणारा कोड लिहिण्याचं. आमच्या यादीत वस्तू असतात, किनारे नसतात, पण यंत्रणा सगळीकडे साधारण सारखीच. ज्याला जास्त लोकांनी पसंत केलं ते वर जातं, वर गेल्यामुळे जास्त लोकांना दिसतं, दिसल्यामुळे आणखी पसंत होतं. पहिल्या आणि विसाव्या वस्तूच्या दर्जात उन्नीस-बीसचा फरक असतो, पण त्यांच्या वाट्याला येणाऱ्या नजरांत मात्र जमीन-अस्मानाचा. मायोर्काला शेकड्यांनी खाड्या आणि पुळणी आहेत. तरी ४,००० माणसं एकाच खाचेत उतरतात, यात त्या माणसांचा मूर्खपणा नाही. प्रत्येकाने आपल्या फोनवर आलेलं पहिलं उत्तर खरं मानलं, एवढंच. वस्तू असेल तर कारखाना जास्त बनवतो, वेबसाइट असेल तर आम्ही सर्व्हर वाढवतो. वाळूचं तसं करता येत नाही.

तिथल्या प्रादेशिक सरकारनेही हा धडा महागात घेतला. गर्दी पांगावी म्हणून त्यांनी इन्फ्लुएन्सर मंडळींकडून कमी माहीत असलेल्या जागांची जाहिरात करवली. त्या जागा मग कमी माहीत असलेल्या राहिल्या नाहीत. २०२५ मध्ये त्यांनी हा प्रकार थांबवत असल्याचं जाहीर केलं.

तर मग गुप्तता हा उपाय का? इथे मला अडचण वाटते. 'तुला सांगतो, पण तू कुणाला सांगू नकोस' हे वाक्य आपण सगळेच वापरतो. कांटची जुनी कसोटी लावून पाहा. हा नियम सगळ्यांनी पाळला असता तर तो मला तरी कुणी सांगितला असता का? साखळी माझ्यापर्यंत येऊन थांबावी, ही माझी अपेक्षा आहे. शिवाय गुप्त जागा खरंच सर्वांपासून गुप्त नसते. ती ओळखीच्या लोकांत फिरते. ज्याची ओळख चांगल्या घरांत, चांगल्या ऑफिसांत, त्याला चांगले किनारे. क्लबची मेंबरशिपही अशीच चालते, फक्त तिथे फी पावतीवर लिहिलेली असते.

हे सगळं मला कोरडं तत्त्वज्ञान वाटलं असतं, पण गेल्या वर्षी मे महिन्यात मी स्वतः त्या साखळीचा एक दुवा झालो. माझ्या टीममधली एक मैत्रीण मायोर्काची आहे, बेटाच्या दक्षिणेकडच्या गावातली. जर्मन लोक गमतीने मायोर्काला आपलं सतरावं राज्य म्हणतात आणि ती दर वेळी त्या विनोदावर न हसता कॉफी घ्यायला उठते. तिच्या घरी चार दिवस गेलो होतो, तेव्हा रविवारी ती आम्हाला तिच्या घरच्यांच्या नेहमीच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. गाडीतून उतरायच्या आधी तिने एवढंच सांगितलं, "फोटो काढ, पण इंस्टावर टाकू नकोस. टाकलास तर नाव तरी घालू नकोस."

किनारा म्हणाल तर साधा होता. कालो देस मोरोसारखा डोळे दिपवणारा नाही. पाण्याच्या कडेला सुकलेल्या, तपकिरी पानांचा गुडघाभर ढीग. पाइनच्या सावलीत घडीची टेबलं मांडलेली. तिच्या आजीने खुर्ची थेट पाण्यात ठेवायला लावली आणि पाय बुडवून ती तासभर शेजारच्या कुटुंबातल्या बाईशी बोलत बसली. जेवायला त्राम्पो होता, म्हणजे टोमॅटो, कांदा आणि फिकट हिरव्या मिरचीची ऑलिव्ह तेलातली कोशिंबीर. पोरं वाळूत, काका मंडळी पत्त्यांत. तीन तासांत एकाही माणसाने समुद्राकडे बघून 'काय सुंदर आहे' असं म्हटलं नाही. एकटा मीच ते म्हणत होतो, आणि मीच फोटो काढत होतो.

मला त्या दिवशी जे लक्षात आलं ते असं. त्या आजीसाठी तो किनारा सुंदर नव्हताच. तो रविवार होता. आपल्याकडे एखाद्या घराचा जसा ठरलेला पार असतो किंवा ठरलेलं देऊळ असतं, तसा. तिथे कोण भेटणार, ऊन कुठल्या झाडाखाली कधी येणार, हे तिला साठ वर्षांपासून माहीत आहे. माझ्यासाठी तो एक अनुभव होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसरा कुठलाही बरा किनारा मला तितकाच चालला असता. तिला चालला नसता. सत्तर किलोमीटरवरचा जास्त सुंदर किनारा दाखवून तिची भरपाई होत नाही.

जागेवर हक्क कुणाचा, या वादात आपण सहसा मालकी बघतो, नाहीतर जन्म. मालकीचा प्रश्न स्पेनने मोडीत काढला आहे. १९७८ च्या त्यांच्या राज्यघटनेतच किनारे ही सार्वजनिक मालमत्ता म्हणून नोंदवलेली आहे आणि १९८८ च्या किनारा कायद्याने ते आणखी पक्कं केलं. कायद्याने त्या पुळणीवर माझा आणि आजीचा हक्क सारखा. मला वाटतं, खरा फरक पडतो तो बदली मिळण्याच्या शक्यतेने. ज्याचं दुसऱ्या जागेवर भागतं आणि ज्याचं भागत नाही, त्यांची मागणी तराजूत सारखी कशी ठेवायची?

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचा वास येईल, आणि यायलाच हवा. 'आमची जागा, बाहेरच्यांनी गर्दी केली' हे आपण भूमिपुत्रांच्या भाषणांत पुष्कळ ऐकलं आहे. मी स्वतः परक्या देशात नोकरी करणारा माणूस, ते वाक्य मला सोयीचं नाही. पण बदलीची कसोटी तिथे उलट उत्तर देते. पोटासाठी शहरात आलेल्याला ती नोकरी म्हणजे चारांतली एक निवड नसते, त्याचं दुसरीकडे भागत नाही म्हणून तर तो आलेला असतो. पर्यटकाचं भागतं. आणि या कसोटीवर स्थानिक कोण, हेही जन्मावरून ठरत नाही. मायोर्कातल्या हॉटेलांत खोल्या झाडणारी, मोरोक्कोहून किंवा दक्षिण अमेरिकेतून येऊन तिथे राहिलेली बाई सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन त्याच किनाऱ्यावर येते. तिचा रविवारही तिथेच आहे. उलट बेटावर जन्मून माद्रिदमध्ये स्थायिक झालेला, वर्षातून आठवडाभर येणारा गृहस्थ माझ्याच रांगेत उभा राहील.

या विचाराला एक टोचणी आहे, ती लपवत नाही. युरोपातले लोक साठ वर्षं स्वस्तातल्या चार्टर विमानांनी या बेटावर येत आहेत. माझ्या आईवडिलांच्या पिढीला हा समुद्र नकाशातच दिसला. आता कुठे आमच्यासारख्यांच्या हातात चार पैसे आले, व्हिसाच्या फायली पुऱ्या झाल्या, आणि नेमक्या याच वेळी जग म्हणतं की गर्दी झाली, आता पुरे. कार्बनच्या बाबतीत हे झालं, प्रवासाच्या बाबतीतही होणार. उशिरा आलेल्यालाच दार बंद सापडतं. माझा राग मात्र दारापाशी टॉवेल टाकून बसलेल्या त्या तीनशे लोकांवर निघत नाही. साठ वर्षांचा पाहुणचार खाऊन गेले ते वेगळे.

बरं, किनारा आपोआप शांत राहतो हीसुद्धा एक गैरसमजूत आहे. माझ्या मैत्रिणीच्या किनाऱ्यापासून फार लांब नसलेला एस त्रेंक घ्या. तो भरपूर प्रसिद्ध आहे, त्यामुळे नाव घ्यायला हरकत नाही. काम्पोस गावाच्या हद्दीतली, दोन किलोमीटरहून लांब पांढरी पुळण, मागे वाळूच्या टेकड्या, त्यांच्या मागे मिठागरं. मायोर्काच्या बऱ्याच किनाऱ्यांवर हॉटेलांची भिंत उभी राहिली, तशी इथेही राहणार होती. वसाहतीचे आराखडे तयार होते. पक्षीनिरीक्षकांच्या एका संघटनेने आणि तिच्यासोबत उभ्या राहिलेल्या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, कोर्टकचेऱ्या केल्या. बेटांना १९८३ मध्ये स्वायत्तता मिळाली आणि १९८४ मध्ये नव्या संसदेने केलेल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक एस त्रेंक वाचवण्याचा होता. २०१७ मध्ये तिथे नैसर्गिक उद्यान झालं. शेजारच्या सेस कोवेतेस वस्तीत बेकायदा ठरलेल्या अपार्टमेंटचे अर्धवट सांगाडे मात्र कितीतरी वर्षं उभे होते, ते २०१३ मध्ये पाडले गेले. आज तिथे जाणाऱ्याला 'काहीच नाहीये इथे, मस्त' असं वाटतं. ते 'काहीच नाही' उभं करायला एका पिढीचं काम लागलं आहे.

आणि वाळूसुद्धा फुकटची नाही. ती डोंगरातून वाहून आलेली नाही. बरीचशी समुद्राच्या तळाशी असलेल्या पोसिडोनिया नावाच्या वनस्पतीच्या कुरणांत राहणाऱ्या जिवांच्या कवचांचा चुरा आहे. हे शेवाळ नव्हे. याला मुळं, पानं, फुलं असतात, आणि ते वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या संथपणे पसरतं. हिवाळ्यात त्याची गळालेली पानं किनाऱ्यावर ढिगाने साचतात आणि वादळी लाटांपासून वाळू धरून ठेवतात. आजीच्या खुर्चीशेजारचा तो तपकिरी ढीग म्हणजे हाच. पर्यटकांना तो कचरा वाटतो, वास येतो म्हणून तक्रारी होतात, आणि यंत्राने तो उचलला की सोबत वाळूही जाते. होड्यांचे नांगर ही कुरणं उपटतात. या बेटांवर २०१८ पासून त्यांच्यावर नांगर टाकायला बंदी आहे. एस त्रेंकवर यादवी युद्धाच्या सुमाराचे काँक्रीटचे बंकर आहेत. बांधले तेव्हा ते टेकड्यांच्या ओळीत होते, आज काही अगदी पाण्याच्या काठाशी आले आहेत. किनारा मागे सरकला, काँक्रीट तिथेच राहिलं.

म्हणजे राखायचं तर कुणीतरी दारावर बसायला हवं. पण कसं? भूमध्य समुद्राच्या काठाने यावर तीन-चार प्रयोग झाले आहेत आणि प्रत्येकात कुणावर तरी अन्याय होतो. सार्डिनियात ला पेलोझा नावाच्या किनाऱ्यावर दिवसाला १,५०० माणसांची मर्यादा आहे, साडेतीन युरोचं तिकीट आहे, आणि वाळू चिकटून जाऊ नये म्हणून टॉवेलखाली चटई सक्तीची. तिकीट छोटं आहे, पण पैशाने दार उघडायची सवय एकदा लागली की दर वाढायला कितीसा वेळ लागतो? फ्रान्समध्ये मार्सेजवळच्या कालांक राष्ट्रीय उद्यानाने सुजितों या खाडीसाठी २०२२ पासून बुकिंग सुरू केलं. ते फुकट आहे, उन्हाळ्यात दिवसाला ४०० माणसं, फोनवर कोड. पूर्वी गर्दीच्या दिवसात अडीच हजार येत. पैसा मध्ये येत नाही म्हणून मला हे आवडतं. बुकिंग उघडताच फोनवर तुटून पडणाऱ्याला मात्र ते सोयीचं आहे, म्हणजे मला. आजीला नाही. तिला रविवारी सकाळी गुडघा किती दुखतोय ते पाहून ठरवायचं असतं.

तिसरा मार्ग गैरसोयीचा. पार्किंग कमी ठेवा, रस्ता कच्चा ठेवा, चालायला लावा. इंजिनियर म्हणून मला पहिल्यांदा हाच पटला. कुणाला बंदी नाही, फक्त घर्षण वाढवायचं, ज्याला खरंच यायचं तो येईल. पण दोन किलोमीटर उन्हात चालणं मला व्यायाम आहे. खुर्ची, आइसबॉक्स, नातवंडं आणि ऐंशी वर्षांचे पाय घेऊन येणाऱ्या घराला ते कुलूपच आहे. ज्यांच्यासाठी किनारा राखायचा, तेच आधी गाळले जातात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी, ज्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं, सामायिक गोष्टी लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात हे दाखवलं. त्यांच्या उदाहरणांतलं एक स्पेनमधलंच, वालेन्सियाचं. तिथले शेतकरी कालव्याच्या पाण्याचे तंटे शतकानुशतकं दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात बसून सोडवत आले आहेत. पण ते जमतं कारण तीच माणसं पुढच्या गुरुवारी पुन्हा समोरासमोर येणार असतात. मायोर्काची वस्ती साडेनऊ लाखांच्या घरात, आणि वर्षाला येणारे पर्यटक १ कोटी २० लाखांहून जास्त. मी पुढच्या गुरुवारी बर्लिनमध्ये असतो. माझी लाज वाटून घ्यायला मला तिथे कुणी भेटणार नाही.

मे २०२४ मध्ये बेटांच्या संसदेत एका उजव्या पक्षाच्या प्रवक्त्या बाई म्हणाल्या, की पर्यटनावर जगणाऱ्या मायोर्कावासीयांनी पूर्वीसारखं जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर जायची अपेक्षा धरू नये. यावर लोक भडकले. मी जरा थांबलो, कारण हिशोब म्हणून ते वाक्य खोटं नाही. बेटांच्या अर्थव्यवस्थेचा चाळीस टक्क्यांहून मोठा हिस्सा पर्यटनाचा आहे आणि माझ्या मैत्रिणीचे वडील निवृत्त होईपर्यंत हॉटेलात कामाला होते. पण तिच्या आजीने कुठल्याही करारावर आपला रविवार गहाण टाकल्याची सही केलेली नाही. घर भाड्याने दिलं म्हणून घरमालकाच्या आईने स्वयंपाकघरातही यायचं नाही, असं कसं? कोकणातल्या ज्या गावांत आपण पुण्या-मुंबईहून लाँग वीकेंडला उतरतो, तिथली माणसं आपल्याला खानावळीत वाढत असतात, त्या वेळी त्यांची पोरं पुळणीवर खेळायला कुठे जातात, हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आता दिसतं.

मग सांगावं की नाही? मी माझ्यापुरती एक रेघ ओढली आहे आणि ती फार सरळ नाही. ज्या जागा आधीच नकाशावर ठळक आहेत, जिथे बस जाते, जिथे कुणीतरी मोजदाद ठेवतं आणि राखण करतं, त्या मी विचारणाऱ्याला सांगतो, कोणत्या महिन्यात जाऊ नये हेसुद्धा सांगतो. जी जागा मला एखाद्या घराने त्यांच्या रविवारात सामील करून दाखवली, ती माझी माहिती नाही. ती सांगायची की नाही हे त्या घराने ठरवायचं. यात ओळखीवर दार उघडतं, ही माझी आधीची तक्रार तशीच उभी आहे, मी ती सोडवलेली नाही. मला ते दार उघडलं ते ओळखीमुळेच. फरक इतकाच करता येतो की मला मिळालेला आजीचा रविवार मी माझ्या नावावर पुढे वाटायचा नाही.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली. एका मित्राचं लग्न झालंय, दोघांना भूमध्य समुद्रावर जायचंय, आणि मी दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे हिमाचलमधल्या एका होमस्टेचा नंबर मागितला होता तेव्हा त्याने एका मिनिटात दिला होता. "लोकेशन टाक की भावा, एवढा काय भाव खातोस," तो म्हणाला. मी एस त्रेंकचं पाठवलं, पाल्माहून बसने कसं जायचं ते लिहिलं, पानांचा ढीग दिसला तर नाक मुरडू नकोस असंही लिहिलं, आणि जुलै-ऑगस्ट टाळून ऑक्टोबरच्या सुरुवातीला जा, पाणी तेव्हाही कोमट असतं, असं सुचवलं. त्याचं उत्तर आलं, की बायको शाळेत शिकवते, तिला सलग सुट्टी मे महिन्यातच मिळते, आणि तुझ्या फोटोतली ती पाण्यात खुर्ची टाकून बसलेली आजी एस त्रेंकची वाटत नाही.

नाही, ती तिथली नाही, असं मी त्याला कळवलं.